चालताना लागतो, थांबला की विझतो

दि. ८ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप दादास,

बेबीनंदाचा सविनय जयभीम. वहिनींनाही जयभीम सांग, आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे ते नीट लिही. (मागच्या पत्रात मी एवढं विचारलं आणि तुझं उत्तर आलं, ‘इकडे सर्व ठीक’. ठीक म्हणजे काय रे? गुडघा ठीक, का गुडघा सोडून बाकीचं ठीक?) इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझे दाजी मजेत आहेत, म्हणजे घरात वाद लागला की गोठ्यात जाऊन बसतात आणि मिटला की हात धुऊन जेवायला येतात. सध्या त्यांचा मुक्काम गोठ्यातच जास्त आहे. त्याचं कारण पुढं येईलच. पत्र लांबणार आहे, तवा चहा आधीच पिऊन घे, अर्ध्यात उठू नको.

आता मुद्द्याचं. तुझी धाकटी बहीण आरोपी म्हणून कोर्टात उभी राह्यली, वकील न लावता भांडली आणि सुटून आली. गुन्हा काय, तर सायकलीला दिवा नसणे. सायकल तू लग्नात दिलेली, तिच्यावर दिवा आणि डायनामोही तूच जालन्याहून बसवून आणलेला, म्हणून हे सगळं तुझ्या कानावर घालणं भागच आहे. लोकांकडून तुला उलटंसुलटं ऐकू येण्याआधी खरं काय ते माझ्याकडून ऐक.

तुला ठाऊकच आहे, माझी शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. त्या बाजूला एस.टी. जात न्हाई, आणि मास्तरीण बाईंसाठी रोज बैलगाडी कोण जुंपणार? सायकल आहे म्हणून नोकरी आहे. सायकल गेली की नोकरी गेली, आणि मंग मी पोरांना बाराखडी शिकवायची सोडून आत्याबाईंकडून भाकरी थापायला शिकत बसणार. (भाकरी मला येते. त्यांना ती येते असं वाटत न्हाई, एवढंच.) आणि ह्या सायकलीवर घरात पहिल्या दिवसापासून राग. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अजून वाटतं की दांडी नसलेली सायकल म्हणजे तू स्वस्तात मोडकी आणून गळ्यात घातलीस. बायकांची सायकल अशीच असते म्हणून मी कितीदा सांगितलं, तरी आल्यागेल्यापाशी त्या हळूच दांडीची चौकशी करतात. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, राग वेगळा. त्यांचा, सर्जेराव मुकादमांचा, सगळा जन्म रोडगँगवर गेलेला. ह्या भागातली सडक आपल्या हातानं झाली असं ते मानतात, आणि ते काही खोटं न्हाई. त्या सडकेवर सुनेनं घंटी वाजवत यावं आणि गँगवरच्या गड्यांनी घमेली उचलून बाजूला व्हावं, हे त्यांना अजून पचलेलं न्हाई. ते सुरुवातीलाच बोलून बसलेले, की ज्या दिवशी ह्या सायकलीपायी माझ्या दारात पोलीस येईल त्या दिवशी सायकल बाजारात. त्यांचा शब्द म्हणजे डांबर. एकदा पडला की निघत न्हाई.

तर गेल्या महिन्यात मंठ्याला शिक्षकांची मीटिंग होती. मीटिंगमध्ये काय ठरलं ते विचारू नको, पुढची मीटिंग कधी घ्यायची हे ठरलं. तेवढं ठरेस्तोवर दिवस बुडाला. थंडीचे दिवस, अंधार जल्दी पडतो. मी डायनामो पुढच्या चाकाला टेकवला, दिवा लागला, आणि मोठ्या झोकात आमच्या फाट्यापर्यंत आले. फाट्यावर नवीन आलेले हवालदार उभे. राधाकिसन त्यांचं नाव. (त्यांच्या घरची माणसं मेंढरं राखायची, हे मागाहून कळलं. अंधारात लांबून येणारी वस्तू हेरायची नजर तिथलीच असणार.) शिट्टी वाजली. कायद्याला मान द्यावा म्हणून मी पाय घासत घासत थांबले. (पाय का घासले, ते पुढं येईल.) आणि दादा, मी थांबले की चाक थांबलं, चाक थांबलं की डायनामो थांबला, आणि डायनामो थांबला की दिवा विझला. हवालदारांनी त्या विझलेल्या दिव्यावर आपली बॅटरी मारली आणि विचारलं, “बाई, दिवा कुठाय?”

मी म्हणलं, साहेब, चालताना लागतो, थांबला की विझतो. ते म्हणले, असा कसा दिवा? आमच्या घरचा कंदील मी बसलो तरी जळतो अन् झोपलो तरी जळतो. मी म्हणलं, थांबा, चालवूनच दाखवते. चालवली, दिवा लख्ख लागला, आणि ‘बघा’ म्हणायला मागं वळते तर शिट्टीवर शिट्टी. दिवा पुढं, हवालदार मागं, त्यांना काय कपाळ दिसणार? त्यांना वाटलं बाई पळाली. धावत येऊन त्यांनी कॅरिअर धरलं, सायकल थांबली, दिवा विझला. मंग मी एका हातानं हँडल उचललं आणि दुसऱ्या हातानं पुढचं चाक फिरवलं. एकदा झपकन उजेड पडला आणि गेला. तर म्हणतात, हात लावला की येतो, सोडला की जातो, ह्याला दिवा म्हणत न्हाईत बाई, ह्याला चाळा म्हणतात. मी म्हणलं, तुम्ही हँडल धरा, मी चाक जोरात फिरवते, मंग बघा. त्यावर ते म्हणले की आरोपीच्या वाहनाला आपण हात लावत न्हाई. (कॅरिअर धरलं तेव्हा ते कुणाचं होतं?) नाव विचारलं, सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तेही मी ‘शिवाजी’ म्हणून धडाक्यात सांगितलं, तर दिव्यापेक्षा त्याचंच त्यांना जास्त नवल. बाई उखाणा घेईल असं वाटलं की काय कोण जाणे.

माणूस वाईट न्हाई, हे मी आज कबूल करते. ते म्हणले, किरकोळ दंड आहे, भरून टाका, मिटवून टाका. पण मी का भरू? दिवा नसता तर भरला असता, वर हातही जोडले असते. दिवा होता! दिवा असून दिवा न्हाई म्हणून अंगठा द्यायचा, तर मंग मी पोरांना शाळेत खरं बोला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? मी साफ न्हाई म्हणलं आणि तिथून सायकल हातात धरून घरी आले.

आठ-दहा रोजांनी समन्स घेऊन तेच हवालदार दारात. मामंजी ओट्यावरच बसलेले. पोलीस दारात आला, आता पुढचं वाक्य कोणतं ते घरातल्या कोंबड्यांना पण पाठ. तुझे दाजी गोठ्याकडं निघाले. आमचे हेडमास्तर तातेराव गुरुजी मुद्दाम घरी येऊन सांगून गेले की बाई, कोर्टात हात जोडा, चुकलं म्हणा, साहेब सोडून देतील. मी म्हणलं, चुकलं म्हणलं तर सोडतात, आणि न्हाई चुकलं म्हणलं तर? गुरुजी म्हणले, तर मंग वकील लावावा लागतो. म्हणजे चुकलेल्याला फुकट आणि न चुकलेल्याला खर्चा! मला असा संताप आला की मी डोक्यावर पदर घेऊन थेट मामंजींसमोर उभी राह्यले. म्हणलं, मामंजी, कोर्टानं मला दोषी धरलं तर सायकल मी माझ्या हातानं बाजारात नेऊन उभी करते. पण सुटले तर? ते बराच वेळ तंबाखू मळत राह्यले. मंग म्हणले, “सुटलीस तर ह्या तोंडातून सायकलीविरुद्ध सबद निघणार न्हाई.” मी विचारलं, बिलकुल? म्हणले, बिलकुल. आत्याबाईंना साक्षीला ठेवलं. त्यांनी साक्षीला राहण्याआधी एकदा दांडीचं विचारून घेतलं.

मंग मी तयारीला लागले. रोज संध्याकाळी आत्याबाईंना जज्ज करून पाटावर बसवायची आणि समोर उभी राहून केस मांडायची. त्या फार दयाळू जज्ज निघाल्या. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, जा, सोडली, चुलीवर दूध उतू चाललंय. त्यामुळं केसचा शेवट मला कधी पाठच झाला न्हाई.

तारखेला सायकल एस.टी.च्या टपावर टाकली आणि तालुक्याला गेले. संगं तुझे दाजी आणि मामंजी. मामंजी मुकादमीचा जुना कोट आणि पांढरा फेटा घालून आल्ते. सुनेला आधार द्यायला न्हाई, निकाल आपल्या कानानं ऐकायला. कोर्टाची इमारत निजामाच्या वक्ताची, जाड भिंतींची. साहेबांना पडसं झालेलं, गळ्याला मफलर, डोळ्याला जाड चष्मा. माझा पुकारा झाला. मामंजींचा फेटा दिसला, तो फेटा बाजारात सायकलीशेजारी उभा आहे असं डोळ्यांपुढं आलं, आणि मी ताठ उभी राह्यले. गुन्हा कबूल आहे का? म्हणलं, न्हाई. वकील? म्हणलं, न्हाई, मी शिक्षिका आहे.

हवालदारांनी साक्ष दिली, आणि खरी दिली. सायकल थांबवली, बघितलं, दिवा बंद होता. त्यात एक अक्षर खोटं न्हाई, हीच तर पंचाईत. साहेब म्हणले, बाई, काही विचारायचंय? मी म्हणलं, एकच विचारायचंय. त्या वक्ती अंधार होता का? हवालदार म्हणले, गडद. चांदणं? न्हाई. मी घंटी वाजवली होती? न्हाई. “मंग तुम्ही मी इतक्या लांब असताना शिट्टी कशी काय मारली?” हवालदार मोठ्या अभिमानानं म्हणले, “उजेड येताना दिसला की!” साहेबांनी रुमालातून नाक बाहेर काढलं आणि विचारलं, कशाचा उजेड? हवालदारांनी विचार केला. गालावरून हात फिरवला. म्हणले, ते काय माहीत न्हाई साहेब, जवळ आल्यावर विझला.

तिथंच सुटायला पाहिजे होतं. पण साहेब चौकस निघाले. म्हणले, हा चालताना लागणारा दिवा आम्हाला बघायचाय. हँडल हवालदारांनी धरलं (आता कसा हात लागला?), शिपायानं पुढचं चाक गर्रकन फिरवलं, दिवा लागला आणि नेमकी त्याच क्षणाला साहेबांना शिंक आली. पुन्हा फिरवलं, पुन्हा शिंक. तिसऱ्यांदा ते म्हणले, हे काही खरं न्हाई, बाई, चालवून दाखवा. बाहेर लख्ख ऊन, त्यात दिवा काय दिसणार? मंग असं ठरलं की इमारतीच्या मधल्या बोळीत चालवायची. ती बोळ लांबलचक, दोन्हीकडची दारं लावली की मिट्ट काळोख. एका टोकाला साहेबांची खुर्ची ठेवली, शेजारी हवालदार. दुसऱ्या टोकाला मी. भिंतीला चिकटून वकील, पक्षकार, चहावाला आणि मामंजी.

मी बसले. मारलं पायडल. दादा, तुझा डायनामो काय गुणाचा म्हणून सांगू! असा उजेड पडला की भिंतीवरच्या पाली पळाल्या. साहेबांच्या चष्म्यात दोन दिवे लागले, ते अर्धवट उठून ‘दिसला, दिसला, बरोबर आहे, थांबा’ म्हणले. आणि मी थांबेना. कशी थांबणार? सडकेवर पाय घासून थांबायची मला सवय, तिथं खाली माती असते, खडी असते. इथं शहाबादी फरशी, शिपायानं सकाळीच पुसलेली. पाय घासले तर ते बर्फावर घासल्यासारखे. मागून मामंजींचा आवाज, “टाच लाव, टाच!” चहावाला कपबश्या घेऊन भिंतीत शिरायला बघतो. साहेब खुर्चीत परत बसले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तेव्हा राधाकिसन हवालदारांनी मधी उडी घेतली, दोन्ही हातांनी हँडल धरलं, छातीनं सायकल रेटून धरली आणि साहेबांच्या मफलरापासून वीतभर अंतरावर ती थांबवली.

सायकल थांबली आणि बोळीत पुन्हा काळोख. मंग त्या काळोखातून साहेबांचा आवाज आला, “हवालदार, दिवा का विझला?” आणि हवालदार धापा टाकत म्हणले, “साहेब, सायकल थांबली ना.”

झालं. त्यावर साहेब हसले की शिंकले ते अंधारात कळलं न्हाई, पण बराच वेळ चाललं होतं. दार उघडल्यावर त्यांनी मला निर्दोष सोडलं. सोडता सोडता डोळे बारीक करून विचारलं, बाई, ब्रेक न्हाईत का सायकलीला? मी हात जोडले आणि म्हणलं, साहेब, समन्समध्ये ब्रेकचं काही लिहिलेलं न्हाई. (तुझ्या दाजींनी तिथंच डोक्याला हात लावला.) साहेबांनी कागद खालीवर बघितला आणि म्हणले, खरं आहे. पण ब्रेक बसवल्याबिगर ही सायकल सडकेवर आणायची न्हाई, आणि हवालदारांना ताकीद दिली की लक्ष ठेवा.

मी जिंकले, दादा! घरी आल्यावर आधी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि मंग सायकलीला. मामंजींनी दिलेला शब्द पाळलाय. सायकलीविरुद्ध तोंडातून चकार शब्द न्हाई. फार पोटात साचलं की गोठ्यात जाऊन बैलाला सांगतात, तिथं तुझे दाजी आधीच बसलेले असतात, ते ऐकून घेतात. वहिनींच्या गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध. चुकलंमाकलं पोटात घाल, पण उत्तर पोटात घालू नको.

तुझी धाकटी,
बेबीनंदा

ता. क. १: आता खरं काम. दसऱ्याला, अशोक विजयादशमीला, आलास तेव्हा माझ्या सायकलीचे ब्रेकचे चारही रबर काढून खिशात घालून नेलेस. म्हणलास, जालन्यात माझ्या रस्त्याला उतार आहे, तुझी सडक सपाट, आठ रोजात नवे धाडतो. विजयादशमी होऊन दिवाळी गेली. मी घरात कुणाला सांगितलं न्हाई, भावाचं नाव कशाला खराब करायचं. पण आता साहेबांचा हुकूम आहे. ह्या मापाचे रबर इथल्या दुकानात मिळत न्हाईत. पत्र मिळताच जल्दीनं धाड. तोवर मी शाळेला पायी जाऊन राह्यले आणि पाय माझे आहेत.

ता. क. २: पत्र टाकायचं राहून गेलं, कारण मधी एक भानगड झाली. काल पुन्हा मंठ्याची मीटिंग. पायी जाऊन परत यायचं म्हणजे रात्रच. मामंजींनी मला चपला घालताना बघितलं. सायकल नेऊ नको म्हणावं तर ते सायकलीविरुद्ध, ने म्हणावं तर साहेबांच्या हुकमाविरुद्ध. बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणले, काढ सायकल, मी येतो मागं. आणि दादा, आमचे मामंजी, सर्जेराव मुकादम, फेटा बांधून माझ्या कॅरिअरवर बसले! उतार आला की दोन्ही पाय खाली सोडून टाचा घासायचे. सायकल अशी थांबायची की काय सांगू, चार रबरांनी कधी थांबली न्हाई. मीटिंग होईस्तोवर बाहेर लिंबाखाली बसून राह्यले. येताना दिवस बुडाला, दिवा लख्ख, मागून मामंजी सांगतात, हा मोरीचा पूल मी बांधला, इथं सांभाळून घे. आणि फाट्यावर शिट्टी. मामंजींनी टाचा लावल्या, सायकल जागच्या जागी उभी. हवालदारांनी दिव्याचं नावसुद्धा काढलं न्हाई. म्हणले, बाई, डबलसीट.

मी म्हणलं, ह्या वेळी चुकलं, दंड भरते. तर मागून आवाज आला, “दंड बिलकुल भरायचा न्हाई.” मामंजी खाली उतरले, फेटा नीट केला आणि हवालदारांना म्हणले, साहेबांचा हुकूम होता ब्रेक बसवा म्हणून. बसवला. मी सवारी न्हाई, मी ब्रेक हाय. हवालदारांनी ते तसंच लिहून घेतलं. तारीख पुढच्या महिन्यात आहे. मामंजी रोज संध्याकाळी आत्याबाईंना जज्ज करून पाटावर बसवतात, आणि तुझ्या दाजींना गोठ्यातून बोलवून आणून हवालदार करतात.

ता. क. ३: म्हणून ता. क. १ मधलं खोडलं असं समज. रबर आता बिलकुल धाडू नको. सायकलीला दुसरा ब्रेक निघाला तर मामंजी सवारी ठरतात आणि केस हातची जाते. धाडायचंच असलं तर टायरच्या तळाच्या जाड चपला धाड, मामंजींच्या मापाच्या. कोर्टाच्या त्या फरशीवर चालवून दाखवा म्हणतील, आणि ह्या वेळी त्यांना थांबायचंय.